थुरिंगियांतील भाऊबंदकीचीं राज्यें



अठराव्या शतकांतील जर्मनीचा नकाशा ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना तो एखाद्या जुन्या गोधडीसारखा वाटला असेल. निरनिराळ्या रंगांचीं ठिगळें, एका ठिगळाच्या पोटांत दुसरें, आणि त्या दुसऱ्याचा एखादा तुकडा दूर कोठें तरी तिसऱ्याच रंगांत अडकलेला. मी शाळेंत इतिहास शिकवीत असतांना हा नकाशा भिंतीवर टांगला कीं मुलें हटकून विचारीत, "मास्तर, इतकीं राज्यें झालीं तरी कशीं?" पाठ्यपुस्तकांत त्याचें उत्तर एका ओळींत उरकलेलें असे. आज तें थोडें सविस्तर देण्याचा विचार आहे.

सबंध जर्मनीची कथा सांगावयास एवढा वेळ पुरणार नाहीं. म्हणून मी एकच प्रांत घेतों. जर्मनीच्या मध्यभागीं थुरिंगिया नांवाचा डोंगराळ व अरण्यमय प्रदेश आहे. विस्तारानें तो आपल्या पुणें जिल्ह्याहून फारसा मोठा नाहीं. तेथें वेट्टीन नांवाच्या एकाच घराण्यांतील भाऊबंदांनीं आपसांत वांटण्या करकरून इतकीं राज्यें निर्माण केलीं कीं, त्यांचीं नांवें पाठ करणें ही विद्यार्थ्याला शिक्षाच वाटावी. या राज्यांच्या बहुतेक सीमा लढाई जिंकून आंखलेल्या नव्हत्या. त्या बापाच्या मिळकतीच्या वांटणीपत्रांतून निघाल्या होत्या. त्या मिळकतींत शेतें, जंगलें आणि गढ्या यांच्याबरोबर जिवंत माणसेंही होतीं, ही गोष्ट वांटणीपत्र लिहिणाऱ्यांच्या मनांत फारशी येत नसे.

या प्रकाराचा उगम पाहावयाचा तर १४८५ सालीं जावें लागतें. त्या वर्षीं लाइपझिग येथें एर्न्स्ट व आल्ब्रेख्ट या दोघां सख्ख्या भावांनीं सॅक्सनीचें राज्य वांटून घेतलें. रीत अशी होती कीं, थोरल्यानें वांटे पाडावे आणि धाकट्यानें हवा तो उचलावा. आल्ब्रेख्टनें माइसेनकडील मुलूख उचलला. एर्न्स्टकडे थुरिंगियाचा बराच भाग व विटेनबेर्ग राहिलें. शिवाय थोरला म्हणून सम्राटाच्या निवडणुकींत मत देण्याचा मान, म्हणजे इलेक्टरपद, त्याच्याकडेच होतें. हा मान त्या काळीं सबंध साम्राज्यांत अवघ्या सात जणांना असे.

एर्न्स्टचा मुलगा फ्रेडरिक. त्याला इतिहासानें 'शहाणा' हें विशेषण दिलें आहे, आणि तें वायां गेलेलें नाहीं. १५०२ सालीं त्यानें विटेनबेर्गला विद्यापीठ स्थापलें. तेथील एक अध्यापक मार्टिन लूथर. १५२१ सालीं लूथरवर साम्राज्यांतून बहिष्कार पडला, तेव्हां याच फ्रेडरिकनें त्याला आयझेनाखजवळच्या वार्टबुर्ग गडावर लपवून ठेवलें, आणि त्या गडावर लूथरनें बायबलच्या नव्या कराराचें जर्मन भाषांतर केलें. धर्मक्रांतीला आश्रय देणारें हें घराणें त्या वेळीं जर्मनींत अग्रगण्य होतें. पुढची पिढी मात्र दुर्दैवी निघाली. २४ एप्रिल १५४७ रोजीं म्यूलबेर्गच्या लढाईंत सम्राट पांचवा चार्ल्स यानें फ्रेडरिकचा पुतण्या योहान फ्रेडरिक याचा पराभव करून त्याला कैद केलें. इलेक्टरपद व विटेनबेर्ग काढून घेऊन सम्राटानें तें दिलें कोणाला? आल्ब्रेख्टच्या वंशांतील मोरित्स या भाऊबंदाला. मोरित्स स्वतः प्रॉटेस्टंट असूनही सम्राटाच्या बाजूनें लढला होता. घरचा भेदी कोणत्याही देशांत सांपडतो.

या पराभवाचा एक परिणाम साध्या इतिहासांत सांगत नाहींत. १३५६ सालच्या साम्राज्याच्या कायद्याप्रमाणें इलेक्टरपदाला जोडलेला मुलूख वांटतां येत नसे. तें पद गेल्याबरोबर एर्न्स्टच्या वंशाच्या हातून मुलूख तर गेलाच, पण घर एकत्र ठेवणारी खीळही निखळली. उरला तो नुसता ड्यूक हा किताब, आणि तो तर घरांतल्या प्रत्येक मुलाला जन्मतःच मिळे. तेव्हां प्रत्येक मुलाला राज्यही कां मिळूं नये? विटेनबेर्गचें विद्यापीठ गेलें म्हणून या लोकांनीं येना येथें नवें विद्यालय काढलें. १५५८ सालीं त्याचें विद्यापीठ झालें. एवढें एक चांगलें काम नोंदून वांटण्यांकडे वळूं.

योहान फ्रेडरिकच्या थोरल्या मुलानें गेलेलें पद परत मिळविण्याच्या नादांत एका बंडखोर सरदाराला गोथा येथें आसरा दिला. १५६७ सालीं सम्राटाच्या हुकुमावरून गोथाला वेढा पडला, किल्ला जमीनदोस्त झाला, आणि ड्यूक जो कैदेंत गेला तो अठ्ठावीस वर्षांनीं तेथेंच मेला. १५७२ सालीं त्याच्या मुलांनीं एका बाजूला आणि चुलत्यानें दुसऱ्या बाजूला अशी राज्याची वांटणी केली : वायमार एकाचें, कोबुर्ग व आयझेनाख दुसऱ्यांचें. पुढें कोणाचा वंश खुंटे, त्याचा भाग इतरांत वांटला जाई. कोणाला चार मुलगे होत, त्याच्या राज्याचे पुन्हां तुकडे पडत. या सर्व वांटण्या सांगत बसलों तर आपण रेडिओ बंद कराल. म्हणून जवळजवळ सत्तर वर्षें ओलांडून मी एका माणसाकडे येतों.

१६४० सालीं गोथाची गादी एर्न्स्ट नांवाच्या ड्यूककडे आली. लोक त्याला 'धर्मनिष्ठ एर्न्स्ट' म्हणत. तीस वर्षांचें भयंकर युद्ध, १६१८ सालीं सुरू झालेलें, त्या वेळीं चालूच होतें. स्वीडनचीं, सम्राटाचीं, कोणकोणाचीं सैन्यें या मुलखांतून गेलीं. खेडीं ओस पडलीं, शेतें पडीक झालीं. अशा वेळीं या गृहस्थानें कोणतें काम हातीं घ्यावें? शाळांचें! १६४२ सालीं त्यानें गोथाच्या विद्यालयाचे प्रमुख आंद्रेआस रायहेर यांच्याकडून शिक्षणपद्धतीचें एक पुस्तक तयार करविलें. वर्ग कसे पाडावे, वाचन, लेखन व गणित कोणत्या क्रमानें शिकवावें, याचें त्यांत बारकाईनें विवेचन होतें. मुलगा असो वा मुलगी, शहरांतील असो वा खेड्यांतील, पांच वर्षें पुरीं झालीं कीं त्याला शाळेंत घातलेंच पाहिजे, असा नियम झाला. न पाठविणाऱ्या आईबापांना दंड ठेवला. कांहीं वर्षांनीं झाडें, प्राणी व सभोवतालच्या वस्तु यांची माहिती देणारें पाठ्यपुस्तकही रायहेर यांनीं लिहिलें. ज्यांनीं जन्मभर खडू हातांत धरला आहे, त्यांना या पुस्तकाची तारीख पुन्हां पुन्हां वाचावीशी वाटते. युद्ध संपावयास अजून सहा वर्षें होतीं. ड्यूक एर्न्स्टच्या मुलखांतील शेतकरी दुसरीकडील सरदारांपेक्षां अधिक शिकलेले असतात, अशी म्हणच पुढें पडली.

१५६७ सालीं पाडलेल्या किल्ल्याच्या जागेवर त्यानें १६४३ पासून एक विस्तीर्ण राजवाडा बांधावयास घेतला आणि त्याला 'फ्रीडेनश्टाइन' म्हणजे शांतिशिला असें नांव दिलें. तो वाडा आजही गोथाच्या टेकडीवर उभा आहे. त्याच्या पदरच्या झेकेनडोर्फ नांवाच्या अधिकाऱ्यानें १६५६ सालीं जर्मन राज्यकारभारावर जो ग्रंथ लिहिला, तो पुढें कित्येक वर्षें कारभाऱ्यांच्या हातीं असे. थोडक्यांत, लहान राज्य किती नीट चालवितां येतें याचा हा नमुना होता.

या नमुनेदार ड्यूकला अठरा मुलें झालीं, आणि १६७५ सालीं तो मेला तेव्हां सात मुलगे हयात होते.

सर्वांनीं थोरल्याच्या सल्ल्यानें एकत्र राहून कारभार करावा, अशी बापाची इच्छा होती. पांच वर्षें तसें चाललेंही. पण सात ड्यूक, त्यांच्या बायका, त्यांचे शिकारखान्याचे व मुदपाकखान्याचे अधिकारी, एका वाड्यांत कोठवर नांदणार? १६८० सालीं वांटणी झाली. गोथा व आल्टेनबुर्ग थोरल्या फ्रेडरिकला, कोबुर्ग आल्ब्रेख्टला, माइनिंगेन बेर्नहार्डला, रोमहिल्ड हाइनरिखला, आयझेनबेर्ग ख्रिस्टियानला, हिल्डबुर्गहाउझेन एर्न्स्टला, आणि झालफेल्ड सर्वांत धाकट्या योहान एर्न्स्टला. धाकट्यांपैकीं कांहींना पूर्ण सत्ताही मिळाली नाहीं. बरेचसे अधिकार गोथानें आपल्याच हातांत ठेवले. पण प्रत्येकाला राजधानी हवी, राजधानींत वाडा हवा, वाड्यांत दरबार हवा, आणि दाराशीं पहारा हवा. पूर्वीं एका राज्याच्या रयतेनें एक दरबार पोसला होता. तीच रयत आतां सात पोसूं लागली. ख्रिस्टियान किमयेच्या नादीं लागून सोनें करण्याच्या प्रयत्नांत कर्जबाजारी झाला. थोरल्या फ्रेडरिकला मात्र लौकरच शहाणपण आलें : १६८५ सालीं त्यानें आपल्या गोथाच्या राज्यापुरता नियम केला कीं, यापुढें वारसा फक्त थोरल्या मुलाकडे जावा. इतरांनीं तें शिकावयास बराच काळ घेतला.

सातांपैकीं तिघे, कोबुर्ग, आयझेनबेर्ग व रोमहिल्ड येथील, पुरुषसंतान न ठेवतां वारले. लगेच बाकीच्यांत भांडण लागलें. १६९९ सालीं आल्ब्रेख्टच्या मृत्यूपासून सुरू झालेला हा दावा १७३५ सालीं मिटला, म्हणजे छत्तीस वर्षें चालला. दिवाणी कोर्टाचा अनुभव असलेल्या श्रोत्यांना यांत नवल वाटणार नाहीं. शेवटीं कोबुर्ग झालफेल्डच्या शाखेकडे आलें. परंतु कोबुर्गच्या शेजारचें झोनेबेर्ग हें गांव त्यापासून तोडून माइनिंगेनला देण्यांत आलें. हें गांव लक्षांत ठेवावें. तें पुन्हां येणार आहे.

माइनिंगेनच्या गादीवर पुढें आंटोन उल्रिख नांवाचा विक्षिप्त ड्यूक आला. त्यानें ऐन तारुण्यांत एका लष्करी कॅप्टनच्या मुलीशीं प्रेमविवाह केला होता. भाऊबंदांनीं तिच्या मुलांना वारसा मिळूं दिला नाहीं, आणि हा मेला कीं माइनिंगेन आपल्याला वांटून घेतां येईल, अशी आशा धरून ते बसले. त्याच्या दरबारांत दोन स्त्रियांमध्यें मानापमानाचा तंटा झाला : रांगेंत पुढें कोणी चालावयाचें, फाफेनराटबाईंनीं कीं ग्लाइखेनबाईंनीं? ड्यूक स्वतः फ्रांकफुर्टला राहून पत्रांनीं हुकूम पाठवीत असे. त्यानें फाफेनराटबाईंची बाजू घेतली. दुसऱ्या बाईंनीं निंदानालस्ती आरंभली, तेव्हां त्यांना व त्यांच्या यजमानांना अटक झाली. यजमानांनीं साम्राज्याच्या न्यायालयाकडे धांव घेतली आणि न्यायालयानें त्यांची सुटका करण्याचें काम गोथाच्या ड्यूकवर सोंपविलें. गोथाचें सैन्य माइनिंगेनच्या हद्दींत शिरून वाझुंगेन हें गांव बळकावून बसलें. कैदी सुटले तरी सैन्य हलेना, आणि प्रकरण मिटावयास १७४८ साल उजाडलें. इतिहासांत याला 'वाझुंगेनचें युद्ध' म्हणतात. वाचणारा हंसतो, पण परक्या शिपायांना महिनोगणती घरांत ठेवून खाऊं घालणाऱ्या वाझुंगेनच्या लोकांना हंसूं आलें असेल असें मला वाटत नाहीं. आंटोन उल्रिखनें मात्र भाऊबंदांवर आपल्या रीतीनें सूड उगविला. पहिली बायको वारल्यावर, साठी उलटून गेली असतां, १७५० सालीं त्यानें एका राजकन्येशीं दुसरें लग्न केलें, आणि तिला आठ मुलें झालीं. माइनिंगेनची वांटणी टळली.

या चिमुकल्या राज्यांची स्तुति करणारे लोक वायमारकडे बोट दाखवितात, आणि वायमारचें महत्त्व कोण नाकारील? जेमतेम सहा हजार वस्तीचें तें गांव. १७५८ सालीं तेथील तरुण ड्यूक वारला तेव्हां त्याची विधवा आना आमालिया अवघी अठरा वर्षांची होती. पदरीं एक लेकरूं व दुसरें पोटांत. तिनें सतरा वर्षें राज्य सांभाळलें, ग्रंथालयाला एक सबंध वाडा दिला, आणि मुलांच्या शिक्षणासाठीं १७७२ सालीं वीलांड या कवीला आणलें. १७७५ सालीं तिचा मुलगा कार्ल आउगुस्ट गादीवर आला आणि त्यानें गटेला बोलाविलें. मागोमाग हेर्डर आला; पुढें शिलरही तेथें येऊन राहिला. गटे नुसता राजकवि नव्हता. तो मंत्री होता. खाणी, रस्ते, लष्कर, सारीं खातीं त्यानें पाहिलीं, आणि खजिन्याची स्थिति ओळखून सैन्य जवळजवळ निम्म्यानें कमी केलें. ड्यूकच्या शिकारीसाठीं राखलेलीं रानडुकरें शेतकऱ्यांच्या पिकांची नासाडी करतात, हें त्याला पत्रांतून स्पष्ट लिहिणाराही गटेच. आपल्या दृष्टीनें वायमारचें आणखी एक महत्त्व आहे. कालिदासाच्या 'शाकुंतला'चें जोन्सकृत इंग्रजी भाषांतर १७८९ सालीं कलकत्त्याला निघालें. त्यावरून गेओर्ग फोर्स्टरनें १७९१ सालीं जर्मन भाषांतर केलें. तें वाचून गटेनें 'शाकुंतला'वर स्तुतिपर चार ओळी लिहिल्या, आणि 'फाउस्ट' नाटकाच्या आरंभींचा रंगभूमीवरील प्रवेश त्याला संस्कृत नाटकाच्या प्रस्तावनेवरून सुचला असें मानतात. हेर्डरनें तर १८०३ च्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली.

हें सर्व खरें. पण त्याच वायमारमध्यें १७१७ सालीं दुसऱ्या एका ड्यूकनें एका थोर संगीतकाराला, नोकरी सोडण्याचा हट्ट धरला म्हणून, जवळजवळ महिनाभर तुरुंगांत टाकलें होतें. त्या संगीतकाराचें नांव योहान झेबास्टियान बाख. लहान राज्यांत राजा आणि प्रजा यांच्यामध्यें आडपडदा नसतो. म्हणून राजा गुणग्राही असला तर गुणी माणूस थेट त्याच्या पंक्तीला बसतो, आणि राजा तापट असला तर थेट कोठडींत जातो. तेव्हां वायमारचा गौरव आना आमालिया आणि कार्ल आउगुस्ट या मायलेकांना द्यावा. राज्याच्या लहानपणाला तो देण्याचें कारण मला दिसत नाहीं. लहान राज्यें तर भोंवतालीं पुष्कळ होतीं.

कोबुर्गची गोष्ट निराळी. १७७३ सालीं तेथील कर्ज दहा लाख थालरांच्या वर गेलें होतें, आणि सम्राटानें मंडळ नेमून जमाखर्च त्याच्या ताब्यांत दिला. ज्या घरांत पैसा नाहीं पण मुलेंबाळें देखणीं व पुष्कळ आहेत, तें घर काय करणार? १७९५ सालीं रशियाच्या कॅथरीन राणीला नातसून पाहिजे होती. कोबुर्गची आउगुस्ट आपल्या तीन मुली घेऊन सेंट पीटर्सबुर्गला गेली, आणि त्यांतील धाकटी यूलिआने पसंत पडली. हें लग्न सुखाचें झालें नाहीं. पांच वर्षांतच ती रशिया सोडून गेली. तथापि घराण्याला मोठ्या दरबारांचे दरवाजे उघडले. यूलिआनेचा भाऊ लेओपोल्ड १८३१ सालीं बेल्जियमचा पहिला राजा झाला. बहीण व्हिक्टोरिया इंग्लंडच्या ड्यूक ऑफ केंटला दिली. त्यांची मुलगी व्हिक्टोरिया राणी. राणीनें १८४० सालीं मामेभाऊ आल्बर्टशीं लग्न केलें. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला पेटींतून एडवर्डचा रुपया निघतो, त्यावरचा सातवा एडवर्ड हा या आल्बर्टचा मुलगा, म्हणजे पित्याकडून कोबुर्गकरच. गोव्यांतल्या श्रोत्यांनाही हें घराणें परकें नाहीं. आल्बर्टचा चुलतभाऊ फर्डिनंड १८३६ सालीं पोर्तुगालच्या दुसऱ्या मारिया राणीचा पति झाला. त्यांचा मुलगा राजा लुईश याचा मुखवटा १८८१ च्या सुमारास गोव्यासाठीं पाडलेल्या चांदीच्या रुपयावर आहे. एका कर्जबाजारी डचीचीं हीं मुलेंनातवंडें!

रयतेचें काय चाललें होतें? १८०६ सालीं येनाच्या लढाईनंतर या सर्व ड्यूकांनीं नेपोलियनशीं तह केला, आणि थुरिंगियाचे शेतकरी त्याच्यासाठीं स्पेनमध्यें व रशियांत मेले. १८२५ सालीं गोथाचा वंश खुंटला, आणि पुन्हां वांटणी आली. १८२६ च्या करारानें गोथा कोबुर्गला मिळालें. कोबुर्गनें झालफेल्ड माइनिंगेनला दिलें. हिल्डबुर्गहाउझेनचा ड्यूक आपलें राज्य माइनिंगेनला सोडून आल्टेनबुर्गला गेला. एका सहीसरशीं हजारों कुटुंबांचा राजा बदलला. वायमारच्या प्रजेला १८१६ सालीं राज्यघटना मिळाली होती; पण आपण कोणाच्या राज्यांत राहावें, हें अजून कोणी कोणाला विचारलें नव्हतें.

तें विचारण्याची वेळ नोव्हेंबर १९१८ मध्यें ड्यूक गेल्यावर आली. कोबुर्गचा शेवटचा ड्यूक कार्ल एडुआर्ड हा व्हिक्टोरिया राणीचा नातू, इंग्लंडांत वाढलेला. पहिल्या महायुद्धांत तो जर्मनीच्या बाजूनें राहिला, आणि इंग्लंडच्या राजानें १९१७ सालीं आपल्या घराण्याचें कोबुर्ग हें नांव टाकून विंडसर हें घेतलें. पुढें हा पदच्युत ड्यूक हिटलरच्या पक्षांत शिरला. असो. थुरिंगियांतील राज्यें १ मे १९२० रोजीं एकत्र येऊन एक प्रांत झालीं. कोबुर्गच्या लोकांनीं मात्र ३० नोव्हेंबर १९१९ रोजींच मतदान केलें होतें, आणि शेंकडा ऐंशींहून अधिक मतें थुरिंगियाच्या विरुद्ध पडलीं होतीं. ते दक्षिणेकडील बव्हेरियाला मिळाले. मिळतांना आपलें नाट्यगृह बव्हेरियानें चालवावें, अशी अटही त्यांनीं करारांत घालून घेतली. गोथा व कोबुर्ग ब्याण्णव वर्षें एका ड्यूकखालीं होतीं; आतां दोघांच्या वाटा निराळ्या झाल्या.

१९४५ सालीं या मतदानाला कोणाच्या स्वप्नींही नसलेला अर्थ आला. थुरिंगिया रशियाच्या ताब्यांत गेला, बव्हेरिया अमेरिकेच्या. १९५२ पासून मधली सीमा तारेच्या कुंपणानें बंद झाली. कोबुर्गच्या हद्दींतील नॉयश्टाट आणि त्याला जवळजवळ चिकटून असलेलें झोनेबेर्ग, दोन्ही गांवें बाहुल्या व खेळणीं बनविणारीं, दोहोंतले लोक एकमेकांचे सोयरे. त्यांच्यामधून तें कुंपण गेलें, कारण १७३५ सालीं भाऊबंदांच्या दाव्यांत झोनेबेर्ग माइनिंगेनला मिळालें होतें. नोव्हेंबर १९८९ मध्यें वाट उघडली, तेव्हां झोनेबेर्गची माणसें चालत नॉयश्टाटला आलीं. कुंपण आतां नाहीं. झोनेबेर्ग थुरिंगियांत आहे, नॉयश्टाट बव्हेरियांत, आणि दोन प्रांतांची सीमा अजून त्या दोघांच्या मधूनच जाते.